बसऱ्याला गेलेले थोरले चुलते : एका चौकशीची हकिगत

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या आठवडाभर आधी हडपसरहून एक गृहस्थ माझ्याकडे आले. एसटीतून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. मी मोडी वाचतो हे त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. पिशवीतून त्यांनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली धातूची जाड चकती काढली आणि टेबलावर ठेवण्याआधी कपाळाला लावली. "यावर मोडी नाही," ते म्हणाले, "पण ही आमची देवी. आत्या म्हणते हिच्यात आमचे थोरले आजोबा आहेत. म्हणजे काय, ते कुणालाच सांगता येत नाही."

पुढचे सात महिने या चकतीमागे गेले, त्याची ही नोंद. घरच्यांच्या सांगण्यावरून माणसांची आणि गावाची नावं गाळली आहेत. गाव दिवे घाट चढून गेल्यावर, पुरंदर तालुक्यात, इतकं पुरे. गृहस्थांना आपण दादा म्हणू.

चकती ब्राँझची, १२ सेंटिमीटर व्यासाची. मधोमध एक उभी स्त्री, एका हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. आजूबाजूला दोन मासे. तळाशी आणखी एक छोटा सिंह एका पक्ष्याला फाडतो आहे. ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने लढताना पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या वारसांना सरकारने अशा चकत्या पाठवल्या. तेरा लाखांहून जास्त ओतल्या गेल्या. ती स्त्री म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचं देवीच्या रूपातलं प्रतीक, मासे म्हणजे डॉल्फिन, फाडला जाणारा पक्षी जर्मनीचा गरुड. पण दिवे घाटापलीकडच्या घरात त्रिशूळ आणि सिंह घेऊन एखादी बाई आली तर तिला कुठे बसवणार? देव्हाऱ्यातच. शंभर वर्षं तिथेच होती. दसऱ्याला तिला झेंडूची माळ, अष्टमीला पुरणाचा नैवेद्य. खालचा पक्षी दादांच्या आत्याबाईंच्या मते कोंबडा आहे, नवसाचा.

आत्याबाईंचं वय सत्त्याऐंशी. गेलेला शिपाई त्यांचा सख्खा थोरला चुलता. त्यांच्या जन्माच्या वीसेक वर्षं आधीच तो गेला होता, तेव्हा त्यांना जे ठाऊक आहे ते सगळं वडिलांकडून ऐकलेलं. ते असं: चुलते पलटणीत होते. बापाशी बैलावरून भांडून भरतीला गेले. बसऱ्याला गेले आणि पहिल्याच हल्ल्यात गोळी लागून पडले. लग्न झालेलं नव्हतं. सरकारने तीन बिल्ले आणि ही देवी पाठवली. शिवाय आत्याबाईंच्या आईला एक ओवी येत असे, बसऱ्याच्या गावाला पीठ मिळत नाही अशा अर्थाची. तिचा दुसरा चरण आत्याबाईंना आठवत नाही.

यातल्या किती गोष्टी टिकल्या ते पुढे येईलच.

सुरुवातीला आम्ही चुकीच्या दारात गेलो. दादांच्या मुलाने आधीच ठरवलं होतं की आजोबांचं नाव खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत असणार. एका रविवारी तिथे जाऊन त्याने ओळीच्या ओळी पाहिल्या होत्या. ती जागा बघण्यासारखी आहे, हिरवळ राखलेली, दगड एकसारखे. पण तिथल्या बहुतेक कबरी दुसऱ्या महायुद्धातल्या, भारतात मेलेल्या सैनिकांच्या. घोरपडीजवळच्या दक्षिण कमांडच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाकडेही तो जाऊन आला. ते १९९८ साली लोकवर्गणीतून उभं राहिलं आणि ते स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांचं आहे. १९१६ साली इराकमध्ये मेलेला शिपाई या दोन्ही ठिकाणी सापडणार नाही. तो बसऱ्याच्या स्मारकावर. पण तिथेही एक गोम आहे, ती नंतर सांगतो.

आधी नाव हवं होतं. चकतीवर सिंहाच्या डोक्याशी एक चौकट असते, तीत मेलेल्याचं नाव उठावदार अक्षरांत. हुद्दा घालायचा नाही असं सरकारचं धोरण होतं, मेल्यावर शिपाई काय आणि जनरल काय, सगळे सारखे. ब्रिटानियाचा माळ धरलेला हात बरोबर त्या चौकटीवर येतो. आमच्या चकतीवर चौकट होती, माळ होती, नाव मात्र जवळजवळ पुसलेलं. कारण विचारायची गरज नव्हती. दर सणाला चिंच आणि राख, पुढे डब्यातली पावडर. शंभर वर्षं घासून घरच्यांनी देवी चकचकीत ठेवली आणि त्यात चुलत्याचं नाव झिजून गेलं. खोली अंधारी करून मी मोबाइलचा टॉर्च चकतीला जवळजवळ टेकवून आडवा धरला तेव्हा सहा अक्षरं दिसली, मग आडनावाचा शेवट. आडनाव घरचंच होतं. दादा काही बोलले नाहीत, फक्त टॉर्च माझ्या हातून घेऊन पुन्हा एकदा स्वतः फिरवून बघितला.

युद्धात मेलेल्या साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत नाव शोधणं आता कुणालाही घरबसल्या जमतं. शोधल्यावर मराठ्यांच्या वेगवेगळ्या पलटणींत मिळून त्याच नावाचे आणि आडनावाचे तिघे निघाले. दोघांच्या पुढे गाव नाही. तिसऱ्यापुढे गाव आहे, पण इंग्रज कारकुनाने ते ऐकून जसं लिहिलं तसं. पुरंदरमधली दोन गावं त्यात बसू शकतात. इथे चौकशी महिनाभर अडकली.

सुटली ती बिल्ल्यामुळे. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या काठावर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, हे चकतीवर नसतं. तीन बिल्ल्यांचं काय झालं, विचारलं. चांदीचा होता तो बहात्तरच्या दुष्काळात सासवडच्या सोनाराकडे वितळला. दुसरा चांदणीसारखा, तो आत्याबाईंच्या लहानपणी बैलाच्या गळ्यात असायचा, बैलाबरोबर बाजारात गेला असावा. तिसरा पंखवाल्या बाईचा, पितळी. सोनाराने तो बाजूला सारला होता, याचं काही येत नाही म्हणून. तो कुठे असेल? आठ दिवसांनी दादांचा फोन आला. गावच्या घरी जुन्या पेटीत, लोकरीच्या गुंड्यांखाली मिळाला होता. काठावर नंबर स्वच्छ, शिपाई, नाव, आणि ११७ मराठा.

नंबर यादीतल्या तिसऱ्या माणसाशी जुळला. मृत्यू १९१६ च्या ऑगस्टमधला. स्मारक बसरा.

११७ वी मराठा ही सहाव्या पूना डिव्हिजनमधली, १६ व्या ब्रिगेडमधली पलटण. या डिव्हिजनचं नाव पुण्याचं आणि आज पुण्यात ते फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. १६ वी ब्रिगेड १९१४ च्या ऑक्टोबरात मुंबईहून निघाली आणि ६ नोव्हेंबरला शत-अल-अरब नदीच्या मुखाशी फाव इथे उतरली. त्याच महिन्यात बसरा पडलं. १९१५ च्या एप्रिलात शैबाच्या लढाईत ११७ वी पुढच्या फळीत होती. मग जनरल टाउनशेंडच्या हाताखाली डिव्हिजन टायग्रिस नदी धरून बगदादच्या रोखाने वर सरकत गेली. नोव्हेंबरात टेसिफॉनला मार खाल्ला, मागे फिरली आणि ३ डिसेंबरला नदीच्या वळणातल्या कूट या गावी येऊन थांबली. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा पुरा केला. तो १४७ दिवस चालला.

वेढ्याविषयी एरवी तोफा आणि सेनापती यांच्याबद्दलच लिहिलं जातं. मला त्यातली पिठाची हकिगत जास्त खरी वाटते. कूटमध्ये धान्य सापडलं, सातू होतं, पण दळायचं कशावर? तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. पुढे रेशन उतरत गेलं. घोड्याचं मांस आलं, हिंदी शिपायांनी बरेच आठवडे ते नाकारलं. भाजी नाही, मांस नाही, त्यामुळे त्यांच्यात स्कर्व्ही पसरली, हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उघडू लागल्या. हिंदुस्थानातून धर्माचार्यांच्या परवानगीच्या तारा आल्या, तरी मोठ्या संख्येने शिपाई मांस खाऊ लागले ते एप्रिल उजाडल्यावर. घाटावरच्या बाजरी-ज्वारीवर वाढलेला बावीस वर्षांचा पोरगा तिथे असला तर त्याने काय केलं असेल, हे कुठल्याही कागदावर नाही. आत्याबाईंची पिठाची ओवी मला इथे आठवली. पण ओवीला पुरावा म्हणता येत नाही. दुष्काळी मुलखातल्या ओव्यांत पीठ नेहमीच कमी असतं.

२९ एप्रिल १९१६ ला कूट शरण गेलं. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. आदल्याच दिवशी, २८ एप्रिलला, बेळगावात टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली होती. चकतीच्या कडेने इंग्रजीत कोरलं आहे की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, हा प्रश्न दादांच्या मुलाने विचारला आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

कैद्यांना आधी शुमरानच्या तळावर ठेवलं. उपाशी पोटांना तिथे कडक बिस्किटं मिळाली आणि पोट बिघडून माणसं पटापट मेली. उरलेल्यांना बगदाद, मोसुल असं वाळवंटातून चालवत रास-अल-ऐनकडे नेलं, रेल्वेच्या कामावर.

आता खरा प्रश्न. आमचा शिपाई या कैद्यांत होता का? पलटण कूटमध्ये होती म्हणून प्रत्येक शिपाई कूटमध्ये होता असं नव्हे. आजारी, जखमी आणि उशिरा पोचलेले लोक वेढ्याबाहेर राहिले होते. ऑगस्टमधला मृत्यू बसऱ्याच्या इस्पितळात पटकीनेही झालेला असू शकतो. बैलाच्या गळ्यातली चांदणी हा माझ्या मते १९१४-१५ चा स्टार, म्हणजे युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांतल्या सैनिकांचं चांदणीच्या आकाराचं पदक होतं, म्हणजे १९१५ संपण्याआधी तो त्या आघाडीवर पोचलेला होता. त्यापलीकडे लष्करी कागद काही सांगेनात. पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार शिपायांची गाववार रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात सापडली आणि आता ती बघता येतात. आपल्याकडच्या गावांचं तसलं काही माझ्या हाती लागलेलं नाही. गावच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे: या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी दोघांनी प्राण दिले. नाव एकही नाही.

आणि बसऱ्याच्या स्मारकाची गोम हीच. १९२९ साली उभ्या राहिलेल्या त्या भिंतींवर इंग्रज शिपायांची नावं कोरली, हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा घातला: आणि इतर इतके हिंदी सैनिक. नावं राहिली ती वहीत. कमिशनने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव झाल्याचं मान्य केलं. शिवाय ते स्मारक १९९७ मध्ये शहराजवळच्या नदीकाठावरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवलेलं आहे. म्हणजे चावडीतही आकडा आणि बसऱ्यातही आकडा. नाव होतं ते फक्त चकतीवर, आणि तिथून आपण चिंचेने घालवलं.

मग मी दादांना विचारलं, जमीन कुणाच्या नावावर होती?

हे मी आधी विचारायला हवं होतं. गावाकडच्या माणसाचा लष्कराला उपयोग असतो तोवर त्याची नोंद लष्करात होते, आणि मेला की शेवटची नोंद होते. त्याचं बाकीचं आयुष्य तलाठ्याच्या दप्तरात असतं. दादांनी तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधून जुन्या फेरफारांच्या नकला काढल्या. तीन नोंदी कामाच्या निघाल्या, तिन्ही मोडीत, शाई फिकट, तिसरीच्या कोपऱ्यात वाळवीने नक्षी केलेली.

पहिली १९१२ ची. बाप मयत, वारस दोन भाऊ, थोरला सज्ञान, धाकटा अज्ञान. म्हणजे बापाशी भांडून भरतीला गेल्याची गोष्ट संपली. महायुद्धाच्या आधीच बाप नव्हता. त्याच नोंदीत पुढे आहे की एक सर्व्हे नंबर, आजच्या भाषेत गट, सासवडच्या सावकाराकडे दीडशे रुपयांना गहाण.

दुसरी १९१५ ची, दोन ओळींची. गहाण फेडलं, नंबर मोकळा.

शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये होता. दीडशे रुपये म्हणजे पुरा पगार पाठवला तरी जवळपास चौदा महिने. मी ते गणित कागदाच्या कडेला मांडलं आणि दादांकडे सरकवलं. ते म्हणाले, "तो गट अजून आमच्याकडं आहे. विहिरीचा. मी त्यात कांदा लावतो." बराच वेळ ते त्या दोन ओळींकडे बघत राहिले. वाचता येत नव्हत्या, तरी बोट ठेवून होते.

तिसरी १९२० ची, वारसनोंद. सहखातेदार बसऱ्याकडे तुर्कांच्या कैदेत मयत झाल्याचं नोंदीत आहे. कैदेत. एका शब्दाने प्रश्न मिटला. गावच्या कुलकर्ण्याला हे कुठून कळलं असेल? सरकारच्या पत्रातून किंवा सुटून आलेल्या दुसऱ्या शिपायाकडून. १९१८ च्या इन्फ्लुएंझात घरातली म्हातारी गेली होती, धाकटा भाऊ विशीच्या आतबाहेर, निरक्षर. पत्र आलं असलं तर कुणीतरी वाचून दाखवलं असणार, आणि वाचणारा बहुधा तोच कुलकर्णी.

त्याच ओळीत पुढे होतं की मयताच्या बायकोने पाट लावला आहे, म्हणून तिचा हक्क राहिला नाही, आणि सगळी जमीन भावाच्या नावे झाली. बायकोचं नाव पूर्ण लिहिलेलं.

मी ते दोनदा वाचलं आणि मग दादांना सांगितलं. लग्न झालेलं नव्हतं, हे घरात शंभर वर्षं सांगितलं जात होतं. ते कुणी मुद्दाम दडवलं असं मी म्हणणार नाही. विधवेने दुसरं घर केलं की पहिल्या घराच्या गोष्टींतून ती निघून जायचीच. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला परवानगी दिली, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्कही संपवला. तेव्हा धाकट्या भावाने कायद्याबाहेर काही केलेलं नाही. तरी नवऱ्याच्या पगाराने सुटलेला विहिरीचा गट आणि त्याच नोंदवहीत काही वर्षांनी तिच्या नावावर मारलेली काट, हे दोन्ही एकामागोमाग वाचताना मला बरं वाटलं नाही. दादांनाही नाही. ते लगेच म्हणाले, "हे आत्याला सांगू नका."

घरात यावरून दोन तट पडले. दादांच्या मुलाने गावात लावायच्या फलकाचा मजकूर तयार ठेवला होता: रणांगणावर वीरमरण, शत्रूची गोळी छातीवर वगैरे. मी त्याला म्हटलं की गोळी काढ. कैदेत, भुकेने किंवा आजाराने मेला असेल तरी तो युद्धातच मेला, त्याच्या मृत्यूला गोळीचा आधार द्यावा लागत नाही. तो म्हणाला, लोकांना कळणार नाही. कळणार नाही तर दोन ओळी जास्त लिही, असं मी म्हटलं. त्यावर आमचं थोडं वाजलंही. बायकोचा उल्लेख करायचा की नाही यावर तर सगळेच गप्प. फलक अजून लागलेला नाही.

आत्याबाईंना शेवटी कुणी सांगितलं मला माहीत नाही. मार्चमध्ये मी हडपसरला त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी चहा येण्याआधीच विचारलं, "नाव काय हुतं तिचं?" मी सांगितलं. त्यांनी ते स्वतःशी एकदा म्हटलं. मग म्हणाल्या, "माझी आई लग्न हून आली तवा ती या घरात आसंल. मग ती ववी तिनंच शिकवली आसंल आईला." याला पुरावा नाही, आणि तारखाही घट्ट बसत नाहीत, कारण आत्याबाईंच्या आईचं लग्न कोणत्या साली झालं ते कुणालाच ठाऊक नाही. मी तसं त्यांना सांगितलं. "तुमच्या कागदात नसंल," त्या म्हणाल्या.

देव्हाऱ्याचं त्यांनीच ठरवलं. चकती तिथेच राहील, पण आता चिंच नाही, पावडर नाही, कोरडं फडकं. हळदीकुंकू चौकटीच्या खाली, सिंहाला. ब्रिटानिया कोण हे मी त्यांना समजावून सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, एवढी वर्षं पूजा खाल्ली, आता कुठं जाती ती.

एक काम राहिलं होतं. कमिशनच्या यादीत गावाचं नाव चुकीचं आहे, ते दुरुस्त करून मागता येतं, पुरावा जोडून. आम्ही पदकाच्या काठाचे फोटो, फेरफारांच्या नकला आणि माझं मोडीचं लिप्यंतर जोडलं. त्या यादीत काही शिपायांच्या नावापुढे अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा अशी जादा माहिती असते. दादांनी अर्ज वाचला, थांबले, आतल्या खोलीत जाऊन आत्याबाईंना विचारून आले. "लिहा म्हणतीय."

लिहिलं. मग तिच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग कसं करायचं यावर अर्धा तास गेला. मुलगा म्हणत होता एक ए, दादा म्हणत होते दोन, आणि आतून आत्याबाई विचारत होत्या की अजून किती वेळ, भाकरी गार होतायत.